पेटीवाल्या काकांना, एका ओळीबद्दल

काका,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला तुमच्याजवळ आले की तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणत पेटीचं झाकण लावता, वर काढून ठेवलेलं घड्याळ मनगटावर चढवता आणि निघता. तीनदा असं झालं. म्हणून शेवटी लिहायला बसले. आणि चार लोकांनी वाचावं असंच लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळायला हवं.

त्या शनिवारी वर्गात गायची पाळी माझी होती. गाणं 'तोच चंद्रमा नभात'. मुखडा बरा गेला, पहिला अंतराही निभावला. दुसऱ्या अंतऱ्यात गाणारा विचारतो की सगळं जागच्या जागी आहे, मग प्रेम तेवढं कुठे गेलं? तिथं माझा आवाज गेला. सूर चुकला असता तर चाललं असतं, पण आवाजच फुटेना. तोंड उघडं, समोर वर्गातली चौदा माणसं, आणि घशातून काही म्हणजे काही येत नव्हतं.

तुम्ही ती ओळ वाजवलीत. अख्खी. शब्द जिथं लांबतो तिथं लांबवून, श्वास जिथं घ्यायचा तिथं भाता किंचित सैल सोडून. ऐकणाऱ्याला वाटावं, इथं पेटीचा तुकडा ठरलेलाच होता. तबल्यावरच्या दादांनी एकदा तुमच्याकडे पाहिलं आणि ठेका हलका केला. ओळ संपली, मी आले नाही. तुम्ही तीच ओळ परत घेतलीत, शेवटी थोडी जागा सोडून. तरी मी आले नाही. तिसऱ्यांदा घेतलीत, तेव्हा आले.

आणि या सगळ्या वेळात तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. एकदाही नाही. तुमची नजर पट्ट्यांवर होती, डावा हात भात्यावर. गायक अडखळला की साथीदार मान वर करून बघतो, खूण करतो, कधी ओठांनी शब्द पुरवतो. तुम्ही त्यातलं काही केलं नाहीत. तुम्ही पाहिलं असतंत तर सगळ्यांनी पाहिलं असतं, आणि मी तिथून उठून गेले असते. परत त्या वर्गात कधी आले असते असं मला वाटत नाही.

काका, त्याआधीचे आठ महिने माझ्याकडे सगळे बघतच होते.

नऊ वर्षांचं नातं संपलं होतं. ते कसं संपलं हे इथं सांगत बसत नाही. त्याचं एक नाव आणि माझ्या काही चुका, एवढंच त्यात आहे. संपल्यावर मी गाणी ऐकायला लागले. म्हणजे अंघोळीला जातानाही फोन घेऊन जायचा, झोपताना कानात तेच. मंगेश पाडगावकरांचं 'भातुकलीच्या खेळामधली' मी त्या दिवसांत किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. यशवंत देवांची चाल, अरुण दात्यांचा तो मऊ आवाज. त्या गाण्यात सांगणारा 'मी' म्हणत नाही, गोष्ट एका राजाची आणि राणीची आहे. लहान मुलांच्या खेळातली. मला वाटतं म्हणूनच ते सोसवतं. स्वतःचं मोडलेलं घर कुणीतरी भातुकलीएवढं लहान करून हातात देतं, आणि मग त्याच्याकडे बघता येतं.

माझ्या माणसांना हे ऐकणं पसंत नव्हतं. "ही रडकी गाणी बंद कर आधी." "जखमेवरची खपली किती वेळा काढशील?" एका मैत्रिणीनं माझ्या फोनमधली अख्खी यादी पुसून टाकली आणि तिथं नाचाची गाणी भरून दिली. तिचा हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. पण ती यादी मी नऊ वर्षांत जमवलेली होती, आणि तिनं मला विचारलंही नव्हतं. दुःखी गाणं ऐकणारा माणूस दुःखात लोळत असतो, ही समजूत कुठून आली कोण जाणे. बर्लिनच्या दोन संशोधकांनी २०१४ साली ७७२ जणांना विचारून पाहिलं होतं की उदास संगीत ऐकताना तुम्हाला नक्की काय वाटतं. सगळ्यांत जास्त वेळा आलेलं उत्तर 'दुःख' नव्हतं. हुरहुर होती, जुन्या दिवसांची ओढ होती. मला हे वाचून कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. मी काही वेडेपणा करत नव्हते.

सगळ्यांत जास्त लागलं ते मात्र एका गाणं शिकवणाऱ्या माणसाकडून. तुमच्या वर्गाआधी मी दुसरीकडे जात होते. तिथल्या गुरुजींच्या कानावर माझी हकीकत कुणीतरी घातली. पुढच्या तासाला त्यांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, "आता तुझ्या गळ्यात खरा दर्द येईल. आण तो. वापर." पट्टीही चढवली, काळी चारवरून काळी पाचवर, का तर आवाज ताणला की तडफड ऐकू येते. मी गायले. लोकांनी वाहवा केली. घरी येऊन मी दोन तास भिंतीला टेकून बसले होते. आपलं सगळ्यांत आतलं काहीतरी दुसऱ्याच्या कार्यक्रमात वाजवलं गेलं, असं वाटत राहिलं. त्या वाहवेची मला अजून शिसारी येते. माणसाचं दुःख म्हणजे गाण्यात घालायचा मसाला आहे, असं मानणाऱ्यानं शिकवू नये, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

तुम्ही त्या शनिवारी तास संपल्यावर एकच वाक्य बोललात. पेटीवर कापड टाकता टाकता, तेव्हाही नजर कापडावरच. म्हणालात, "ताई, या गाण्यात कुणी सोडून जात नाही. दोघंही तिथंच आहेत." आणि मग, "पुढच्या वेळी काळी तीनवर घेऊ या का? तुम्हाला बरं पडेल."

मी घरी जाऊन शांताबाई शेळक्यांचे शब्द पहिल्यांदा नीट वाचले. नऊ-दहा वर्षं ऐकतेय, सुधीर फडक्यांची चाल आणि त्यांचाच आवाज असा डोक्यात बसलाय की शब्दांकडे लक्षच गेलं नव्हतं. खरंच, त्यात कुणी जात नाही. चंद्र तोच, रात्र तीच, कुंज तोच, समोर बसलेलं माणूस तेच. गेलंय ते दोघांमधलं. शेळक्यांना हे सुचलं ते एका संस्कृत श्लोकावरून. शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर तो सांगितला जातो, काव्यशास्त्रकार मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त तो उद्धृत केलाय. त्यात बोलणारी बाई आहे. नवरा तोच आहे, चैत्राच्या रात्री त्याच आहेत, मीही तीच आहे, तरी माझं मन रेवेच्या काठच्या त्या वेताच्या झाडाखाली धावतं, असं ती म्हणते. शांताबाईंनी तेच दुःख घेतलं आणि पुरुषाच्या तोंडी दिलं. श्लोकातल्या बाईला निदान मन कुठं जातंय ते ठाऊक आहे. गाण्यातल्या माणसाला तेवढाही आधार नाही. तो वाळलेल्या फुलांपाशी बसलाय.

आणि मला आठवलं की आमचंही तसंच झालं होतं. तो गेला त्या दिवशी काही संपलं नव्हतं. त्याआधीचं दीड वर्ष आम्ही एकाच खोलीत बसून आपापल्या फोनमध्ये बघत होतो. खिडकी तीच, दिवा तोच. मी आठ महिने रडत होते ते तो दारातून बाहेर पडला त्या संध्याकाळसाठी, आणि त्या संध्याकाळी रडण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं. माझ्याकडूनही नव्हतं उरलं. हे मी पहिल्यांदा कबूल केलं, स्वतःशी, त्या रात्री.

त्या ओघात भरताच्या नाट्यशास्त्रापर्यंत गेले. सहाव्या अध्यायात त्यानं विप्रलंभ, म्हणजे विरहातला शृंगार, आणि करुण, म्हणजे शोकाचा रस, यांत फरक केलाय. दोन्हींत ताटातूट, दोन्हींत अश्रू, दोन्हींत झोप उडते. पण विप्रलंभ सापेक्ष असतो, म्हणजे त्याला अजून कशाची तरी अपेक्षा असते. करुण निरपेक्ष, तिथं आशाच संपलेली असते. मेघदूतातला यक्ष विरहात तळमळतो, पण त्याचा शाप वर्षाचा आहे, वर्ष सरलं की तो घरी जाणार. रघुवंशातला अज राजा मरण पावलेल्या इंदुमतीसाठी, आपल्या राणीसाठी, रडतो, त्याला कुठली मुदत नाही. मी मात्र आठ महिने यक्षासारखी दिवस मोजत होते. फोन वाजला की उठत होते. माझ्या शापाला मुदतच नव्हती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी सरळ सांगितलं असतं तर मी ऐकलंही नसतं. तुम्ही गाण्याबद्दल बोललात, म्हणून ऐकू आलं.

आपल्याकडे एकच शब्द आहे, साथ. माणूस माणसाला देतो ती साथ, आणि पेटी गळ्याला करते तीही साथच. साथ सोडली म्हणतो ते दोन्हीकडे लागू पडतं. कार्यक्रमात साथीदारांची नावं शेवटी घाईत घेतली जातात, टाळ्या तोवर अर्ध्या संपलेल्या असतात. मी आता मुद्दाम तुमच्यासारख्यांकडे बघत बसते. चांगला पेटीवाला गायकाच्या पुढे जात नाही, मागेही रेंगाळत नाही, गळा चालतोय तोवर आवाज खाली ठेवतो आणि गळा थांबला की ती जागा रिकामी राहू देत नाही. हे ज्याला पेटीवर जमतं, त्याला माणसांतही जमत असणार. शेजारच्या बाईंचा मुलगा गेला तेव्हा एक आजोबा महिनाभर रोज त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालून जायचे, एक शब्द न बोलता. तुम्ही ती ओळ वाजवलीत तेव्हा मला ते आजोबा आठवले होते. अशी माणसं असतात. ती फार बोलत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की कमी आहेत.

मैत्रिणीनं पुसलेली यादी मी पुन्हा केलीय. छोटी आहे, सात गाणी. पाडगावकरांचं आहे त्यात. आता दिवसातून एकदा ऐकते, कधी तेही राहून जातं.

येत्या शनिवारी तेच गाणं घेणार आहे, काळी तीनवर. दुसऱ्या अंतऱ्याला तुम्ही नुसता सूर धरून ठेवा. ओळ मी म्हणते. नाहीच आली, तर तुम्ही वाजवाल, हे मला माहीत आहे.

तुमची,
तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसणारी