मिलला सुट्टी आहे असं सांगणाऱ्या हवालदार भाऊंना

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. छातीवरची पट्टी मी वाचली होती, पण "ताई, नाव-गिव कुठं टाकू नका" असं तुम्ही म्हणालात, म्हणून.

परवा २१ ऑक्टोबरला एका मोठ्या नेत्याने पोलिसांच्या पाठीशी असल्याचा संदेश दिला. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी हल्ल्यात दहा पोलीस जवान शहीद झाले, त्यांच्या स्मृतीचा हा दिवस. संदेशाखाली लोक लगेच सुरू झाले. कुणी सलाम ठोकला, कुणी हेल्मेटच्या चलानचा राग काढला, कुणी म्हणालं, आधी ठाण्यात माणसाशी नीट बोलायला शिकवा. कोरोनात, मे २०२० मध्ये, तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र पोलिसांचं बोधचिन्ह डीपीला लावलं, तेव्हा मीही लावलं होतं. या वेळी मात्र तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा खोडलं. सलाम करणारेही मला खरे वाटत होते आणि चिडलेलेही. कारण यंदा दसऱ्याच्या एकाच दिवशी मला दोन्ही तऱ्हेचे पोलीस भेटले.

बाबा दुपारी जेवल्यावर निघून गेले. त्यांना आताशा काही आठवत नाही; आठवते ती फक्त त्यांची एम्प्रेस मिल, नागपूरची जुनी कापडगिरणी. आम्ही सगळीकडे शोधून ठाण्यात गेलो, तर टेबलामागचा माणूस मान वर न करता म्हणाला, "२४ तास होऊ द्या." असा काही नियमच नाही, हे मला नंतर कळलं. वर म्हणाला, "म्हाताऱ्याला सांभाळता येत नाही का?" तो प्रश्न मला अजून टोचतो, कारण मी रात्र-रात्र जागून त्यांना सांभाळते. बाबांच्या सदऱ्याच्या कॉलरला आतून मी फोन नंबरची पट्टी शिवून ठेवली आहे. त्या दिवशी किती जणांनी त्यांना "चला काका, पुढे व्हा" केलं असेल, पण कॉलर उलटून कुणी पाहिली नाही.

तुम्ही पाहिली. दसऱ्याला नागपुरात बंदोबस्त काय असतो, हे तुम्हाला मी काय सांगणार? दीक्षाभूमीवर लाखोंची रीघ, रेशीमबागेत संघाचा उत्सव, संध्याकाळी रावणदहनाची गर्दी. तुम्ही पहाटेपासून उभे होतात. पाय सुजून बुटांच्या नाड्या सैल केलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या.

मी पोहोचले तेव्हा बाबा एम्प्रेस मॉलच्या बाहेर फुटपाथवर बसले होते आणि तुम्ही त्यांच्या शेजारी, जमिनीवरच. टोपी मांडीवर. बाबा तावातावाने विचारत होते, "गेट कुठं गेलं? माझी दुसरी पाळी आहे. भोंगा झाला ना!" जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती मिल बंद होऊन वीस वर्षं उलटली, तिच्याच जागेवर हा मॉल उभा आहे. हे मी बाबांना रोज सांगते. रोज ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतात आणि रडतात. माझं तोंड उघडणारच होतं.

तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "काकाजी, आज दसरा आहे. मशीनची पूजा झाली, मिलला सुट्टी."

बाबा शांत झाले. एकदम. चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. म्हणाले, "हो की! दसऱ्याला मशीन बंदच असते." मग तुम्ही खिशातून आपट्याचं पान काढून त्यांच्या हातात ठेवलं आणि वाकून त्यांच्या पाया पडलात. वर्दीतला माणूस पाया पडतोय म्हटल्यावर बाबा ताठ बसले आणि त्यांनी तुमच्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी मी त्यांना कुणाचं तरी वडीलधारं झालेलं पाहिलं.

भाऊ, बाबांना शोधून दिलंत, घरापर्यंत सोडलंत, त्याचे उपकार आहेतच. पण मी जे दोन वर्षांत शिकले नाही, ते तुम्ही एका वाक्यात केलंत. खरं सांगण्याच्या हट्टापायी मी रोज त्यांची मिल नव्याने बंद करत होते. एवढी समज तुम्हाला कुठून आली? तुमच्याही घरी कुणी असं असेल का, हे विचारायचं राहूनच गेलं. "सद्रक्षणाय खलनिग्रहणाय" हे पोलिसांचं ब्रीद गाडीवर लिहिलेलं शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ मला त्या फुटपाथवर कळला. माणुसकीला हुद्दा लागत नाही. ती टेबलामागच्या त्या माणसालाही जमली असती. त्याने फक्त मान वर करायला हवी होती.

ते आपट्याचं पान बाबांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. वाळून कुरकुरीत झालंय, पण धुवायला टाकताना ते स्वतः काढून घेतात. आज सकाळी डबा मागितला, चपला घातल्या आणि दारात उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, आज मिलला सुट्टी आहे."

"असं का?" म्हणाले. चपला काढल्या आणि चहा मागितला.

तुमची,
त्या काकाजींची मुलगी