कॅलिफोर्नियातील नोटरी ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मी आज कॅलिफोर्नियात नोटरीचे काम करते याचे श्रेय तुमचे आहे, आणि ते चारचौघांत सांगावे म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. सहा तासांचा सक्तीचा वर्ग, परीक्षा, बोटांचे ठसे, 15,000 डॉलरचा बाँड (नोटरीच्या चुकीने कोणाचे नुकसान झाल्यास भरपाईची हमी) ही यादी कोणीही दिली असती. पण नेमणूक सुरू झाल्यापासून 30 दिवसांच्या आत शपथ आणि बाँड काउंटी क्लार्ककडे, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे, दाखल झाले नाहीत तर सारी खटपट वाया जाते, हे तुम्ही वेळीच बजावलेत.

नवे वर्ष लागले की सेक्रेटरी ऑफ स्टेटची (नोटरी नेमणाऱ्या राज्य अधिकाऱ्याची) नियमपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायची, ही शिस्तही तुमचीच. नियम बदलत राहतात: 2017 पासून ओळखीसाठी दाखवलेल्या परदेशी पासपोर्टवर अमेरिकी इमिग्रेशनच्या शिक्क्याची अट उरली नाही आणि एका सहीची कमाल फी 10 डॉलरवरून 15 झाली. 2023 च्या कायद्याने ऑनलाइन नोटरीला मान्यता दिली, तरी तिचा अंमल 2030 पर्यंत लांबू शकतो; म्हणून "पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सही करतो" म्हणणाऱ्यांना मी आजही ठामपणे नकार देते.

तुमच्याकडे बसून पाहिलेला एक प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा. फक्त मराठी बोलणाऱ्या एक आजी पुण्यातल्या फ्लॅटच्या कुलमुखत्यारपत्रासाठी आल्या होत्या. इथे नोटरीने सही करणाऱ्याशी थेट बोलायचे असते, मध्ये दुभाषी चालत नाही, त्यामुळे मराठी जाणणारी नोटरी मिळणे त्यांच्यासाठी फार मोलाचे होते. मुलगा उत्तरे देऊ लागला तेव्हा तुम्ही त्याला नम्रपणे थांबवून आजींनाच विचारलेत, "ही सही तुम्ही स्वखुशीने करताय ना?" मग ओल्या रुमालाने त्यांचा उजवा अंगठा पुसून नोंदवहीत ठसा स्पष्ट उमटेपर्यंत तुम्ही घाई केली नाहीत. पुढे अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचे सरकारी प्रमाणपत्र) लागेल हे सांगितलेत, पण मजकुराबद्दल त्यांनी विचारताच वकिलाकडे जायला सांगितलेत. आपला अधिकार कुठे संपतो हे इतक्या आपुलकीने पाळणारी व्यक्ती माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

माझ्या नेमणुकीची चार वर्षांची मुदत आता संपत आली आहे. तीन तासांच्या उजळणी वर्गात नाव नोंदवले आहे आणि परीक्षाही पुन्हा द्यायची आहे. नव्या पुस्तिकेत ज्या कलमांवर खुणा केल्या आहेत, त्यांवर बोलायला लवकरच तुमच्याकडे येईन.

तुमची कृतज्ञ,
बे एरियातील एक नोटरी