बाबा, भंगारवाल्याला संक्रांतीपर्यंत थांबवा

ओव्हरलँड पार्क, कॅन्सस
८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या शनिवारी फोनवर मी नीट बोलले नाही, म्हणून हे पत्र. बाबा, ऊन-पावसाबद्दल बोलावं तशा आवाजात तुम्ही सांगितलंत की आपल्या प्रेसमधलं ट्रेडल, पायाने चालवायचं ते छपाईचं मशीन, भंगारात द्यायचं ठरलंय, किलोच्या भावाने, आणि जानेवारीत प्रेसचं शटर ओढायचं. मी "बरं केलंत" म्हणाले. ते खरं नव्हतं. तुम्हालाही कळलं असणार, कारण तुम्ही लगेच फोन आईकडे दिलात आणि आईने विचारलं, जेवलीस का. इथे तेव्हा सकाळचे आठ वाजले होते.

त्याच संध्याकाळी शेजारच्या आजींकडे सिनेमा बघायला जायचं आधीच ठरलं होतं. जाऊ नये असं वाटत होतं, पण गेले. तिथे जे बघितलं आणि त्यावर लोक जे बोलले, ते आठवडाभर डोक्यातून गेलेलं नाही. म्हणून आधी ते सांगते.

हॉलमार्क म्हटल्यावर आईला सोन्यावरचा शिक्का आठवेल. इथे ते नाव शुभेच्छापत्रांचं आहे, आणि कंपनी आमच्या कॅन्सस सिटीची. बाबा, ही गोष्ट तुम्हाला कधीच सांगायला हवी होती. जॉईस हॉल नावाचा अठरा वर्षांचा मुलगा १९१० साली नेब्रास्कातून इथे आला तो बुटांच्या दोन खोक्यांत चित्रांची पोस्टकार्डं भरून. भावाला बोलावून घेतलं, धंदा जरा उभा राहिला आणि १९१५ च्या जानेवारीत आग लागून सगळा माल जळाला. भावांनी हातपाय गाळले नाहीत. कर्ज काढून ठसे कोरून छपाई करणारा इथलाच एक छापखाना घेतला आणि दुसऱ्याची कार्डं विकायचं सोडून स्वतःची छापायला लागले. १९१७ साली ख्रिसमसच्या तोंडावर भेटवस्तू गुंडाळायचा पातळ कागद दुकानात संपला, तेव्हा पाकिटांना आतून लावायचा फ्रान्सचा नक्षीदार कागद त्यांनी काउंटरवर मांडला, दहा सेंटला एक ताव. हातोहात गेला. आज जगभर जो गिफ्टचा कागद वापरतात त्याची सुरुवात ती, असं सांगतात. हे वाचताना मला तुम्ही दिसलात, कॅलेंडरच्या उरलेल्या तावांच्या वह्या शिवून आम्हाला देणारे.

या कंपनीचं टीव्ही चॅनल आहे. २००९ पासून ते दर वर्षी ख्रिसमसच्या आधी रोज प्रेमाचे सिनेमे दाखवतं, अलीकडे तर दोन-अडीच महिने आणि हंगामात तीसच्या वर नवे. यंदा १८ ऑक्टोबरलाच सुरुवात झाली, तेव्हा आपली दिवाळीही यायची होती. हे सिनेमे थिएटरात लागत नाहीत, घरी बसून बघण्यासाठीच बनवतात. जाहिराती धरून बरोबर दोन तास. दोन-तीन आठवड्यांत शूटिंग उरकतं, बहुतेक कॅनडात आणि तेही ऐन उन्हाळ्यात. कापूस, कागद, फेस यांचं बर्फ करतात आणि नट लोकरीचे कोट घालून घामाघूम होत उभे राहतात.

गोष्ट ठरलेली. मोठ्या शहरातली, मोठ्या नोकरीतली मुलगी डिसेंबरात गावी येते. आईवडिलांची बेकरी नाहीतर लॉज, नाहीतर ख्रिसमसच्या झाडांची शेती बंद पडायच्या बेतात असते. गावात एक भला माणूस असतो. शेवटच्या वीस मिनिटांत गैरसमज होतो, शेवटच्या दोन मिनिटांत बर्फ पडतं, चुंबन होतं. मुलगी गावीच राहते आणि दुकान वाचतं.

त्या शनिवारचा सिनेमा थोडा वेगळा होता. नाव 'हॉलिडे टचडाउन: अ चीफ्स लव्ह स्टोरी'. चीफ्स म्हणजे आमच्या शहराचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं सुपर बोल, म्हणजे त्या खेळाची अंतिम लढत, जिंकलेला. सिनेमातलं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या या संघाचं भक्त. संघाने 'वर्षाचा चाहता' निवडायचा ठरवलाय, संघाच्या कचेरीतला तरुण या घराची पारख करायला येतो, घरातल्या मुलीशी त्याचं जुळतं. मग आजोबांची जुनी, शुभ मानलेली हिवाळी टोपी हरवते आणि त्या मुलीचा नशिबावरचा विश्वासच डळमळतो. शूटिंग इथेच झालं, जुलैमध्ये. जुलैत इथला पारा बत्तीसच्या आसपास असतो, म्हणजे स्वेटर घातलेल्या त्या मुलीची काय दशा झाली असेल ते बघा.

आजींच्या हॉलमध्ये आम्ही सहाजणी होतो. मी आईने पाठवलेला पातळ पोह्यांचा चिवडा नेला होता. अर्ध्या तासात डबा रिकामा. आदल्याच दिवशी चीफ्सनी सामना १९-१७ असा कसाबसा जिंकला होता, त्यामुळे सगळ्या खुशीत. पडद्यावर चीफ्सचं ॲरोहेड स्टेडियम दिसलं की टाळ्या. चीफ्सच्या ट्रॅव्हिस केल्सी या खेळाडूची खरी आई, डॉना केल्सी, छोट्या कामात दिसली तेव्हा तर आजी उठून उभ्याच राहिल्या.

सिनेमा संपल्यावर मात्र वाद झाला, आणि तो मी कान देऊन ऐकला.

माझ्याबरोबर लॅबमध्ये काम करणारी एकजण म्हणाली की हे सिनेमे बघताना तिचं डोकं उठतं. दर वेळी मुलीनेच नोकरी सोडायची, मुलीनेच गावी परतायचं. तिच्या आईने दोन नोकऱ्या करून तिला शिकवलं ते काय कपकेक विकायला? ती पोटतिडकीने बोलत होती आणि मला तिचं पटलं. ती कृष्णवर्णीय आहे. म्हणाली, कितीतरी वर्षं या पडद्यावरच्या बर्फाळ गावांत माझ्यासारखं कोणी राहतच नव्हतं, असलंच तर नायिकेची मैत्रीण म्हणून. आता बदलतंय, हेही तीच म्हणाली. २०१९ च्या डिसेंबरात दोन नवऱ्यामुली एकमेकींचं चुंबन घेतात अशी एक जाहिरात या चॅनलने दबावाखाली काढून टाकली होती. लोक इतके संतापले की थोड्याच दिवसांत माफी मागून ती परत दाखवायचं कबूल करावं लागलं. पुढच्याच वर्षी त्यांच्या ख्रिसमसच्या सिनेमात समलिंगी जोडपं आलं. "आपण बोललो म्हणून आलं," ती म्हणाली. बघणाऱ्याच्या मताला वजन असतं, ते असं.

दुसरी एक फक्त फुटबॉलवाली. तिला प्रेमाशी देणंघेणं नाही. खरा भक्त घरात असा वागतो का, तसा वागतो का, एवढंच ती तपासत होती.

आणि आजी. त्या शाळेत शिकवायच्या, आता ऐंशीच्या पुढे आहेत, यजमान जाऊन सहा वर्षं झाली. हे सिनेमे त्या रोज बघतात, एकेक तीन-तीनदा. कोणीतरी विचारलं, शेवट पहिल्या पाच मिनिटांत कळतो, मग काय बघता? त्या म्हणाल्या, "ह्यांच्या आजारपणात शेवट काय होणार ते मला ठाऊक नव्हतं. आठ महिने ठाऊक नव्हतं. आता संध्याकाळी दोन तास तरी मला शेवट माहीत असलेला हवा."

कोणी काही बोललं नाही. मला आपल्या घरचा सत्यनारायण आठवला. साधुवाण्याची नाव पानावेलींनी भरणार आणि पुन्हा धनाने भरणार, हे आपल्याला पाठ असतं. तरी शिऱ्याच्या वासात मांडी घालून शेवटपर्यंत बसतोच की आपण. बाबा, आईच्या मालिकांवरून तुम्ही कुरकुर करता, "पुढं काय होणार ते शेंबडं पोरही सांगेल" म्हणता. तुमच्या बायपासनंतरच्या त्या महिन्यांत आई रात्री आवाज बंद करून जुने भाग बघत बसायची. मी तेव्हा चिडले होते तिच्यावर. आई, मला तेव्हा कळलं नव्हतं गं.

मग आजींनी मला विचारलं, तुला कसा वाटला सिनेमा? मी म्हणाले, छान. पुन्हा एकदा खोटं, एका दिवसात दुसऱ्यांदा.

तुम्हाला खरं सांगते. असे वीस-पंचवीस सिनेमे मी इथल्या अकरा हिवाळ्यांत पाहिले असतील, आणि चुंबनाला मला कधी रडू आलं नाही. मला रडू येतं ते दुकानाचा दिवा पुन्हा लागतो तेव्हा. त्या मुलीचे वडील पाटी पुसत असतात, ती येऊन दुसरं फडकं हातात घेते, तेव्हा. लॅबमधली मैत्रीण म्हणते ते बरोबर आहे, मुलींनी नोकऱ्या सोडून परतावं असं सांगणं अन्याय्यच आहे. तुम्ही मला तसं एकदाही म्हणाला नाहीत. मी निघाले तेव्हा तुम्ही कटिंग मशीन विकून माझं तिकीट काढलंत आणि आईला सांगितलंत की मशीन जुनं झालं होतं. ते जुनं नव्हतं. मला माहीत आहे.

मी परतणार नाहीये, बाबा. माझं काम इथे आहे आणि ते मला आवडतं. मी आले असते तरी छापायला लग्नपत्रिका परत आल्या नसत्या. लोक आता फोनवर आमंत्रण धाडतात आणि देवापुढे ठेवायला पंचवीस छापून घेतात, हे तुम्हीच सांगता. तीन आठवड्यांत शूट केलेल्या सिनेमात दुकान वाचतं, आपलं वाचलं नसतं. तरीही फोनवर मी "बरं केलंत" म्हणायला नको होतं. मला वाईट वाटतंय, खूप वाईट वाटतंय, एवढंच म्हणायचं होतं.

त्या सिनेमातली टोपी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तशी आपल्या घरची वस्तू कोणती, याचा विचार करत राहिले. ती खिळ्यांची केस आहे, छपाईच्या शिशाच्या अक्षरांची खणाखणांची पेटी. शाळेतून आले की छापून झालेले खिळे पुसून ज्याच्या-त्याच्या खणात टाकायचं काम माझं. रॉकेलचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटांना. वाचायला मी शाळेत शिकले नाही, तुमच्या केससमोर शिकले, तेही उलटी अक्षरं. आणि लग्नसराईत ळ कमी पडायचा, आठवतं? जगदाळे-साळुंखे लग्न, खाली 'आपले नम्र'मध्ये काळे, माळी, कांबळे, नि आपल्याकडे ळ मोजके. मग तुम्ही मला सायकलवर नाक्यापलीकडच्या प्रेसमध्ये पिटाळायचात, चार ळ उसने आणायला. मुठीत घट्ट धरून आणायचे मी. एकदा एक वाटेत पडला आणि तुम्ही मला काही बोलला नाहीत, म्हणून मी जास्त रडले.

तर माझी मागणी ऐका. मी १० जानेवारीला साताऱ्यात पोचतेय, तीन आठवड्यांसाठी. तिकीट काल काढलं. तोवर ट्रेडल हलवू नका. भंगारवाल्याने उचल दिली असेल तर ती परत करा, पैसे मी पाठवते. नंतर त्याला मशीन द्या, मी अडवणार नाही. पण खिळे देऊ नका. एक केस मी इथे आणणार. तेवीस किलो सामान चालतं, त्यात बसेल तेवढं शिसं आणीन, कपडे इथे आहेत.

आणि मशीन जायच्या आधी त्यावर एक काम छापू, तुम्ही आणि मी. संक्रांतीनंतर आईचं हळदीकुंकू असतंच, त्याची चाळीस आमंत्रणं. मजकूर आईने लिहायचा, कागद मी निवडणार, पाय तुम्ही मारायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, तो मी मारीन. रोलर कडक झाले असतील तर आत्ताच भरायला टाका. शाईचा डबा उघडून बघा, वर साय धरली असेल ती काढून टाका.

ळ किती शिल्लक आहेत ते मोजून कळवा. हळदीकुंकवात एक, तिळगुळात दोन, वेळेत एक आणि सायंकाळी एक, असे पाच लागतील.

तुमची,
मनू