ग्लोव्हबॉक्स दिलात, आर्गॉन कधी?

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

घन इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे बॅटरीत द्रवाऐवजी लिथियमचे आयन वाहून नेणाऱ्या घन पदार्थाच्या, चाचणीसाठी बडोद्यात सामाईक सोय करण्याचा शब्द आपण दिला होता. ग्लोव्हबॉक्स, म्हणजे हातमोज्यांतून आत काम करायचा हवाबंद खोका, आला, उद्घाटन झाले. त्यात भरायचा कोरडा आर्गॉन वायू आणि देखभाल यांचा खर्च मात्र मंजूरच झाला नाही. बॉक्स बंद आहे आणि बाहेर श्रावणातला पाऊस आहे.

हा पाऊस आमच्या मुळावर येतो. मॉफ, म्हणजे धातू-सेंद्रिय चौकटी, हा छिद्रांचा पदार्थ; आमचा घन इलेक्ट्रोलाइट त्याचाच. त्यातला यूआयओ-६६ घ्या. झिर्कोनियम क्लोराइड आणि टेरेफ्थॅलिक आम्ल, जो पॉलिएस्टरचाच कच्चा माल, डीएमएफ या द्रावकात १२० अंशांवर २४ तास ठेवले की पांढरी भुकटी मिळते. अवघड काम त्यानंतरचे. छिद्रांत डीएमएफ उरले तर लिथियम धातूशी त्याची अभिक्रिया होते. म्हणून ताजे मिथेनॉल घालत तीन दिवस भिजवायचे, मग निर्वातात तापवायचे. अशी रिकामी छिद्रे दमट हवेतले पाणी ओढून घेतात. मग लिथियमचा क्षार भरून १३ मिलिमीटर व्यासाची चकती दाबली, तरी मोजणीत पाण्यामुळे प्रोटॉनही वाहतात आणि वाहकता खोटी फुगते. एक मिलिमीटर जाडीच्या चकतीची वाहकता सेंटिमीटरला ०.००००१ सीमेन्स असेल तर रोध साधारण साडेसात हजार ओहम यायला हवा. अडीचशे आला तर वाहकता ०.०००३ ठरते. एवढी वाहकता २०११ साली मॅग्नेशियमच्या चौकटीत मिळाली होती, तीही छिद्रांत कार्बोनेट द्रव ठेवून. आमच्या कोरड्या चकतीत ती दिसली तर आधी पाण्याचाच संशय घ्यावा लागतो. पावसाळ्यातली अशी सगळी मोजणी आम्हाला फेकून द्यावी लागते. विद्यार्थ्यांचे महिने त्यात जातात, आणि ते कुणीही भरून देत नाही.

२०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच चौकटींना मिळाले, तेव्हा भाषणे पुष्कळ झाली. पण यंत्र घ्यायला पैसा आणि चालवायला नाही, ही पद्धत कोणाची? निधी वर्ष सरताना येतो, ३१ मार्चला उरलेला परत मागितला जातो. याच शहरात १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले, कारण यंत्राइतकीच ती चालवणारी माणसे लागतात हे त्यांना कळत होते.

आर्गॉनचा वर्षभराचा पुरवठा, बॉक्समधला ऑक्सिजन काढणारा उत्प्रेरक पुन्हा सक्रिय करायला हायड्रोजन-मिश्रित आर्गॉन, आणि एक कायम तंत्रज्ञ एवढे द्या. बॉक्समधले पाणी आणि ऑक्सिजन १ पीपीएमखाली, म्हणजे दहा लाखांत एका भागाहून कमी, राहील, तेव्हाच आमचे आकडे खरे ठरतील.

आपले,
बडोद्यातील बॅटरी-संशोधक