‘आयडी प्रिंट कर’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला

प्रिय मैत्रिणी,

आपण अजून समोरासमोर भेटलेलो नाही. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुझे आभार फक्त आपल्या दोघींत ठेवावेसे वाटत नाहीत.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली तेव्हा साधनांची कमतरता नव्हती. मोफत व्हिडिओ होते, पायथनचं अधिकृत ट्युटोरियल होतं, एमआयटीची सगळ्यांसाठी खुली असलेली व्याख्यानं होती. बघताना सगळं कळायचं. रिकामी फाइल उघडली की हात थांबायचा.

आणि मग ती रात्र. गुणांची एक लिस्ट होती. मूळ लिस्ट जपायची म्हणून मी बरोबरचं चिन्ह देऊन तिची ‘कॉपी’ केली, कॉपीतला एक आकडा बदलला, तर मूळ लिस्टमधलाही बदलला! तीन तास डोकं आपटलं. एरर येत नव्हता, त्यामुळे शोधायचं तरी काय? शेवटी तुला स्क्रीन शेअर केली.

तुला चूक लगेच दिसली असणार. पण तू म्हणालीस, “हे सगळं बाजूला ठेव. तीनच आकड्यांची लिस्ट घे.” मग म्हणालीस, “आता दोन्ही नावांचा आयडी प्रिंट कर. आधी सांग, काय येईल?” (आयडी म्हणजे नावामागे नेमकी कोणती लिस्ट आहे ते ओळखायला पायथन देतं तो क्रमांक.) मी म्हटलं, वेगवेगळे. दोन्हीकडे एकच लांबलचक आकडा आला. तू काहीच बोलली नाहीस. बऱ्याच वेळाने मीच ओरडले, “अगं, लिस्ट एकच आहे, नावं दोन आहेत!”

ते गप्प राहणं किती अवघड असतं, हे मला आता कळतं. तो कोड एखाद्या एआयला दिला असता तर मिनिटात दुरुस्त होऊन आला असता आणि मी झोपले असते. पण पुढच्याच आठवड्यात लिस्टच्या आत लिस्ट आली, कॉपी करूनही आतले आकडे बदलू लागले, तेव्हा मी कुणालाच विचारलं नाही. आतल्या लिस्टचे आयडी प्रिंट केले. बाहेरची लिस्ट नवी होती, आतल्या जुन्याच. डीपकॉपी, म्हणजे आतल्या लिस्टसकट सगळ्याची नवी प्रत, कशासाठी असते ते तिथे समजलं.

तू माझ्यापेक्षा जेमतेम दोन महिने पुढे होतीस, म्हणूनच नेमकं कुठे अडतं ते तुला आठवत होतं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात वर्गच या पायावर उभा केला: प्रश्नाचं उत्तर आधी एकट्याने द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. आपला शेजार इंटरनेटने जोडला, एवढंच.

आपल्या सामायिक ‘चुकांच्या वही’बद्दलही मनापासून आभार. काय वाटलं होतं, काय झालं, कसं तपासलं, हे तीन रकाने तूच आखलेस. माझ्या एकोणीस नोंदी झाल्यात.

सध्या जनरेटरवर, म्हणजे मागेल तशी एकेक किंमत देणाऱ्या पायथनच्या सोयीवर, अडलेय. शनिवारी नेहमीच्या वेळी स्क्रीन शेअर करते. प्रोग्राम आधीच सात ओळींवर आणून ठेवलाय.

तुझी,
अभ्यासमैत्रीण