रिपोर्टमधला आकडा पाहून इंजेक्शने सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधमाशी किंवा गांधीलमाशी डसल्यावर ज्यांच्या अंगभर गांध्या उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो, त्यांच्यासाठी त्याच विषाच्या इंजेक्शनांचा कोर्स फार मोलाचा आहे. पण कोर्स चालू असताना रुग्ण आयजीईचा (ॲलर्जी घडवणाऱ्या अँटिबॉडीचा) रिपोर्ट काढतात आणि आकडा चढलेला पाहून इंजेक्शने सोडतात. याचे फार वाईट वाटते, कारण सुरुवातीच्या महिन्यांत आयजीई चढतोच. उतरायला पुढे वर्षे लागतात. संरक्षणासाठी मात्र तेवढी वाट पाहावी लागत नाही. अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत १०० मायक्रोग्रॅमचा पूर्ण डोस गाठला, की बहुतेकांना ते मिळते.

उलट फसगतही होते. आयजीजी-४ ही अँटिबॉडी विषाला आयजीईच्या आधी गाठून अडवते, म्हणून ती भरपूर दिसली की रुग्ण निर्धास्त होतो. तिच्या वाढीवरून औषध अंगात पोचल्याचे कळते, एवढेच. ती भरपूर असूनही डंखाने कोसळणारे असतात आणि कोर्स संपल्यावर ती घटूनही सुरक्षित राहणारे असतात. खरी परीक्षा एकच: हॉस्पिटलात, सलाइनची सुई लावून, जिवंत माशीचा डंख. घरी हा प्रयोग कोणीही करू नये.

रिपोर्टपेक्षा बाटली पाहा. तीत शुद्ध विष आहे की अख्ख्या कीटकाचा अर्क? असा अर्क निरुपयोगी असल्याचे १९७८ मध्येच सिद्ध झाले आहे. तारखा पाळा: पहिले वर्ष दर ४ आठवड्यांनी, मग ६ ते ८, एकूण ३ ते ५ वर्षे. रक्तातले ट्रिप्टेज (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशींतले एन्झाइम) एकदा तपासून घ्या. मास्टोसायटोसिस, म्हणजे या पेशी प्रमाणाबाहेर वाढण्याचा आजार, निघाला तर कोर्स जन्मभर लागू शकतो. मधमाशीच्या कोर्समध्ये अपयशाचे प्रमाण गांधीलमाशीपेक्षा जास्त; अपयश आले, तर डोस २०० मायक्रोग्रॅमपर्यंत नेतात.

शिवाय १०० मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण दोन मधमाश्यांचे विष. इंदुरात उंच इमारतींच्या सज्जांखाली लटकणारे आग्या मोहोळ उठले, तर हे संरक्षण पुरणार नाही. तिथून लांबच राहावे.

ॲड्रेनालिन, म्हणजे अशा वेळी जीव वाचवणारे इंजेक्शन, जवळ हवेच. डॉक्टरांकडून आधी शिकून घ्या: मोठ्या माणसाला १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूलमधले अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. रुग्णाला आडवे ठेवून लगेच हॉस्पिटल गाठा. सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नका.

— ॲलर्जीचे एक डॉक्टर, रामबाग, इंदूर