हाळी देणारा

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय भावा,

"व्हॅन डाइक गेला की आपलं काय?" एवढी एकच ओळ पाठवून तू खुशाल झोपलास आणि मी तासभर जागा. तुझ्या लिव्हरपूलचा हा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, अजून गेलेला नाही, हे आधी डोक्यात घे. एप्रिल 2025 मध्ये त्यानं 2027 पर्यंतचा करार केलाय. पण जन्म जुलै 1991 चा, म्हणजे करार संपेल तेव्हा गडी छत्तिशीच्या उंबऱ्यावर असणार. तुझी काळजी खोटी नाही. ती चुकीच्या जागी आहे, एवढंच. तू विचारतोस की त्याच्यासारखा कुठं मिळेल. तसा मिळत नसतो.

आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा मामा आठवतो ना? पोट सुटलेलं, गुडघ्याला कायम क्रेप बँडेज, आणि तरी नव्वद मिनिटं स्टॉपरला उभा. पळताना मी त्याला क्वचितच पाहिलं. तोंड मात्र अखंड चालू: "लेफ्ट, वर ये! मागं बघ! सोड त्याला, माझा आहे!" तो थांबला तेव्हा आपण पेठेतला सगळ्यात वेगवान पोरगा त्याच्या जागी घातला आणि शाहू स्टेडियमवर पहिल्याच मॅचला चार गोल खाल्ले. त्या पोराचं एकही टॅकल चुकलं नव्हतं. पण हाळी द्यायला कुणी नाही, आणि मी लेफ्ट बॅकला, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावाला, आपल्या लाइनच्या दोन पावलं मागं राहून समोरच्या सगळ्यांना ऑनसाइड करत होतो, म्हणजे ऑफसाइड न होता गोलकडं मोकळं सोडत होतो. शिव्या त्या पोरानं खाल्ल्या. मी गप्प बसलो, हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.

लिव्हरपूलनं हा पेपर एकदा दिलेला आहे. 17 ऑक्टोबर 2020, एव्हर्टनविरुद्ध त्यांचा गोलकीपर पिकफर्ड येऊन आदळला आणि व्हॅन डाइकचा गुडघा गेला. मग दुसरे स्टॉपरही, आधी गोमेझ गेला, मग मातिप. कोच क्लॉपनं फाबिन्यो आणि हेंडरसनला मागं ओढलं. एक भोक बुजवायला दोन माणसं मधल्या फळीतून काढली, म्हणजे भोकं झाली तीन. अ‍ॅनफिल्डवर लीगचे सलग सहा सामने हरलात. कोरोनामुळं स्टेडियम रिकामं, टीव्हीवर खेळाडूंचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा, म्हणून व्हॅन डाइकचा नसलेला आवाजही कानाला जाणवायचा. आणि सावरलात कधी? फाबिन्यो पुन्हा त्याच्या जागेवर गेला तेव्हा. शेवटी शेवटी मागं नॅट फिलिप्स आणि र्‍हीस विल्यम्स, ज्यांची नावं सीझनच्या सुरुवातीला तुला माहीत नव्हती. शेवटच्या दहांत एकही हार नाही, आठ जिंकलात, तिसरे आलात. त्या दोघांना कुणी व्हॅन डाइक व्हायला सांगितलं नव्हतं. हेडर मार आणि चेंडू लांब घालव, एवढंच काम.

आता इटलीतल्या माझ्या मिलानचं सांगतो. हसू नकोस, तुझं इस्तंबूल मला पाठ आहे, 2005 ची फायनल, 3-0 पुढं असून आम्ही तुमच्याकडून हरलो ती. जुन्या स्टॉपरची जागा भरायचं हे काम सगळ्यात चांगलं त्यांनी केलं आणि सगळ्यात वाईटही त्यांनीच.

18 मे 1994, अथेन्स. चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर कोच क्रॉइफची बार्सिलोना, गोल मारायला रोमारिओ आणि स्टॉइचकोव्ह. मिलानचे दोन्ही स्टॉपर, बारेसी आणि कोस्टाकुर्टा, निलंबित. मालदिनी, जो वर्षानुवर्षं लेफ्ट बॅक, तो मध्ये आला आणि शेजारी फिलिप्पो गाल्ली. निकाल 4-0, मिलान. मला त्या चार गोलांपेक्षा शून्याचं कौतुक जास्त. मालदिनीला ती जागा त्या दिवशी कुणी शिकवली नव्हती. शेजारी बारेसी कधी हात वर करतो, कधी लाइन घेऊन चार पावलं वर सरकतो, हे तो पोरवयापासून बघत आला होता.

तरी 1997 मध्ये बारेसी निवृत्त झाला, 6 नंबरची जर्सी क्लबनं कायमची काढून ठेवली, आणि पुढच्या सीझनला मिलान दहावं. मालदिनी आणि कोस्टाकुर्टा असूनही. खापर एकट्या बारेसीच्या जाण्यावर फोडता येणार नाही, आदल्या वर्षी तो असतानाही ते अकरावेच होते. संघ म्हातारा झालेला, कोच येत-जात होते. म्हणून कुणी "एक माणूस गेला आणि संघ कोसळला" म्हणालं की मी आधी आदल्या वर्षीचा तक्ता काढतो.

पुढच्या वेळी मात्र ते शहाणे झाले. ऑगस्ट 2002 च्या शेवटच्या दिवशी, रोमच्या लात्सिओ क्लबला पैशाची चणचण होती तेव्हा, त्यांनी त्यांचा स्टॉपर नेस्ताला उचललं. नेस्ता 26 चा. आणि मालदिनी किती वर्षांचा? 34. आज तुझा व्हॅन डाइक ज्या वयाच्या आसपास आहे तोच! मालदिनी काही तेव्हा संपला नव्हता, पुढं सात वर्षं खेळला. पण नेस्ता असल्यामुळं त्याला प्रत्येक धावेला उत्तर द्यावं लागलं नाही. 2003 च्या फायनलला दोघं मध्ये शेजारी होते. 2007 ला अथेन्समध्येच मालदिनीनं पुन्हा कप उचलला, वय 38. तो तुमच्याविरुद्ध, म्हणून विषय वाढवत नाही.

मग ब्राझीलचा स्टॉपर थियागो सिल्वा. डिसेंबर 2008 मध्ये फ्लुमिनेन्सेकडून घेतला, पण युरोपबाहेरच्या खेळाडूंचा कोटा भरलेला, म्हणून उन्हाळ्यापर्यंत अधिकृत सामन्यात उतरताच आलं नाही. सहा महिने नुसता सराव, मालदिनीच्या शेवटच्या सीझनमध्ये, त्याच मैदानावर. नियमानं अडवलेलं ते अर्धं वर्ष मला त्याच्या किमतीपेक्षा मोलाचं वाटतं. 2011 ला नेस्ता आणि सिल्वा मागं असताना मिलाननं इटलीची लीग जिंकली, 38 सामन्यांत फक्त 24 गोल खाल्ले.

आणि 2012 च्या एका उन्हाळ्यात सगळं मोडून टाकलं. सिल्वा स्ट्रायकर इब्राहिमोविचसकट पॅरिसला, नेस्ता माँट्रियलला. जुना आणि नवा एकदमच गेला, मग शिकवणार कोण नि शिकणार कोण? दोन वर्षांत आठवे, मग दहावे. साखळी तुटली ती खेळामुळं नाही, हिशेबाच्या वहीमुळं.

म्हणून सप्टेंबर 2025 च्या पहिल्या तारखेला, खेळाडू घ्यायच्या विंडोच्या शेवटच्या दिवशी, लिव्हरपूलचा क्रिस्टल पॅलेसच्या गेही या स्टॉपरसाठीचा सौदा फिसकटला तेव्हा मला वाईट वाटलं. तो 25 चा होता, हेच वय हवं. 18 वर्षांचा लिओनी घेतला, त्याचा तर पहिल्याच सामन्यात गुडघा गेला. आता तू म्हणशील, त्या सीझनला व्हॅन डाइकच्या शेजारी कोनाटे होता की. कोनाटे वेगवान आहे, ताकदीचा आहे, पण तोही हाळी ऐकून खेळणारा गडी वाटतो मला. चूक असेन तर खुशाल शिव्या घाल.

पुढच्या मॅचला एक कर. लिव्हरपूल चेंडू घेऊन वर जाईल तेव्हा चेंडू बघू नकोस, मागं उभ्या व्हॅन डाइकच्या हातांकडं आणि तोंडाकडं बघ. आणि मग बघ, त्याच्या बाजूचा कोण मान न वळवता जागा बदलतो. तसं एखादं पोरगं दिसलं तर मला लगेच फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

मामा परवा भेटला होता, रंकाळ्यावर. दोन्ही गुडघे बदललेत. तुझी चौकशी करत होता. "तो राइट बॅक अजून वर जाऊन परत यायला विसरतो का?" म्हणाला. दिवाळीला आलास की त्याच्याकडं जाऊ, तेवढी माझी त्या चार गोलांची कबुलीही देऊन टाकीन.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
ऑनसाइड करणारा लेफ्ट बॅक